गल्ली धरा, वाडा वाचा: पुण्याचा इतिहास पायी शोधण्याची पद्धत

पुण्याचा इतिहास पाहायचा म्हटलं की बहुतेकांचा बेत ठरलेला असतो: शनिवारवाडा, लाल महाल, विश्रामबागवाडा, पर्वती, सगळं एका दिवसात. त्यातून फोटो मिळतात, पण हे शहर कुठून सुरू झालं, पाणी कुठून आलं, कोण कुठे आणि का वसलं, यातलं काही हाती लागत नाही. ते हवं असेल तर आवाका लहान करा. एक पेठ, तिच्यातली एक गल्ली, फार तर दोनशे मीटर लांबीची. तेवढीच नीट पाहा, मोजा, विचारा, नोंदवा. एका गल्लीवर हात बसला की दुसरीला निम्माच वेळ लागतो.

सुरुवात कसब्यातून

कसबा पेठ ही सगळ्यात जुनी वस्ती. नकाशा उघडून कसबा आणि सदाशिव पेठ शेजारी ठेवा. कसब्यातल्या गल्ल्या वळतात, अरुंद होतात, मध्येच बोळात संपतात, कारण ती गावासारखी हळूहळू वाढलेली वस्ती आहे. सदाशिव पेठेतले रस्ते त्या मानाने सरळ, कारण ती पेशवाईत आखून वसवलेली पेठ. सदाशिवरावभाऊंच्या नावाची ती, तशी नारायणरावांच्या नावाची नारायण पेठ. वारांच्या पेठांनाही आधी वेगळी नावं होती: बुधवार म्हणजे मुहियाबाद, गुरुवार म्हणजे वेताळ पेठ. नाना पेठ आधी हनुमान पेठ होती, रास्ता पेठ शिवपुरी. ही जुनी नावं आधीच वहीत लिहून घ्या. जुन्या कागदात पेठ सापडत नाही तेव्हा बहुतेकदा ती जुन्या नावाखाली असते.

पहिल्या फेरीसाठी हा मार्ग सोयीचा आहे: शनिवारवाड्याचा दिल्ली दरवाजा, लाल महाल, कसबा गणपती, तांबट आळी, नागझरी ओलांडून सोमवार पेठेतला त्रिशुंड गणपती. अंतर दोन किलोमीटरच्या आसपास, पण तीन तास ठेवा. मेट्रोचं कसबा पेठ स्थानक फडके हौदाजवळ आहे. गाडी आणू नका. ती लावायला जागा शोधण्यात पहिला तास जातो आणि तोच तास उजेडाचा असतो.

वेळ सकाळी सातची. दुकानं साडेदहाच्या पुढे उघडतात. त्याआधी ताडपत्र्या ओढलेल्या नसतात, रस्त्यावर माल मांडलेला नसतो, दर्शनी भाग मोकळा दिसतो. गणेशोत्सवात आणि त्याआधीचे दोन आठवडे जाऊ नका, मांडवांमागे इमारती झाकल्या जातात. पालखी मुक्कामाचे दोन दिवस नाना आणि भवानी पेठेत इमारती पाहणं अशक्य असतं. त्या दिवशी तिथे जायचं ते दर्शनालाच.

सोबत काय घ्यायचं

पाच मीटरची मोजपट्टी, लहान टॉर्च, जाड पुठ्ठ्याची वही, शिसपेन्सिल (पावसात आणि घामात शाई पसरते), पाणी, आणि फोनमध्ये आधीच उतरवून ठेवलेला नकाशा. अरुंद बोळात फोनवरचा ठिकाणाचा ठिपका वीस-तीस मीटर सरकतो, म्हणून फोटोच्या स्थानावर विसंबू नका. घराच्या पाटीवरचा क्रमांक आणि पेठ हाताने लिहा. पुण्यात पत्ता अजूनही ‘अमुक क्रमांक, कसबा पेठ’ असाच चालतो आणि पुढे कागद शोधताना हाच क्रमांक कामी येतो.

घरून निघण्याआधी आपलं पाऊल मोजून ठेवा. वीस मीटर अंतर नेहमीच्या चालीने तीनदा चाला, पावलांची सरासरी काढा. घराची रुंदी, गल्लीची लांबी यांसाठी एवढं पुरतं. लोकांच्या दारात पट्टी पसरली की संशय येतो, पावलं मोजली तर कुणाचं लक्षही जात नाही.

आधी जमीन आणि पाणी

इमारतीकडे वळण्याआधी उतार पाहा. पावसाळ्यात पाणी कुठे वाहतं, कुठे तुंबतं हे दुकानदारांना बरोबर माहीत असतं. कसबा आणि रविवार पेठेच्या पूर्वेला नागझरी वाहते. आज ती भिंतींआड गेलेला नाला आहे, तरी तिच्यावरचे दारूवाला पुलासारखे पूल ओळखले की जुन्या गावाची पूर्वेकडची कड हाती येते. आंबील ओढ्याचं उलट झालं. तो वस्तीतून वाहायचा, पुराचा त्रास द्यायचा. नानासाहेब पेशव्यांनी पर्वतीच्या पायथ्याशी बांध घालून त्याला पश्चिमेकडे वळवलं. तिथे तयार झालेल्या तळ्यात जो गणपती, तोच आजच्या सारसबागेतला. एक ओढा हलला आणि दक्षिणेकडच्या पेठांना बांधायला जमीन मिळाली.

मग पिण्याचं पाणी. नानासाहेबांच्याच काळात कात्रजला तलाव बांधून तिथून शहरात दगडी-चुनेगच्ची नळ आणला. वाटेत हवा सुटण्यासाठी आणि गाळ बसण्यासाठी उच्छ्वास बांधले, शहरात ठिकठिकाणी हौद. काळा हौद, बदामी हौद, पंचहौद ही नावं त्यातलीच. बहुतेक हौद बुजले, पण चौकाला नाव राहिलं. गल्लीच्या नावात हौद, आड, पाणवठा असं काही असेल तर त्या जागेपासून शोध सुरू करा. वाड्यांमध्ये खासगी हौद आणि आड असायचे, काही आजही झाकणाखाली आहेत.

इथे नवख्यांची हमखास फसगत होते. जुन्या वाड्याखाली कमानदार पोकळी दिसते आणि कुणीतरी सांगतं, ‘हे भुयार, थेट शनिवारवाड्यापर्यंत जातं.’ कात्रजचा नळ काही ठिकाणी माणूस आत उभा राहील एवढा मोठा आहे. पुण्यातल्या बऱ्याच भुयारांच्या गोष्टी अशा नळांवरून आणि तळघरांवरून निघालेल्या असतात. गोष्ट जरूर लिहून घ्या, पण ‘ऐकीव’ असा शेरा मारूनच. आणि आत उतरू नका, कोंडलेल्या हवेत जीव जातो.

वाडा कसा वाचायचा

वाडा वाचायचा तो खालून वर. पहिला चौथरा: घडीव काळा पाषाण आहे की अनघड? त्यावर उंबरा. उंबरा रस्त्याच्या खाली गेला असेल, दोन पायऱ्या उतरून आत जावं लागत असेल, तर रस्ता भर पडत पडत वर आला आहे आणि बांधकाम त्याआधीचं आहे. कसब्यातल्या देवळांपाशी हे मुद्दाम पाहा.

मग दरवाजा. मोठ्या दारात छोटी दिंडी आहे का? आत देवडी, म्हणजे दरवाज्यालगतची पहारेकऱ्याची जागा, देवडीतून चौक, चौकाभोवती ओसरी आणि सोपे, मागे माजघर, त्याही मागे दुसरा चौक, तिथे आड आणि स्वयंपाकघर. पहिला चौक बाहेरच्या माणसांचा, दुसरा घरच्यांचा. चौक किती यावरून घरमालकाची ऐपत कळते. रुंदी मोजताना फुटांऐवजी खण मोजा. दोन खांबांमधलं अंतर म्हणजे एक खण. ‘पाच खणी दर्शनी, दोन चौक, दोन मजले’ एवढी नोंद वाड्याचं चित्र उभं करते.

खांब हा सगळ्यात बोलका भाग. खाली दगडी तळखडा, त्यावर लाकडी खांब, वर हस्त, म्हणजे तुळई पेलणारा लाकडी आधार, त्यावर तुळई. पेशवाईतले सुरूच्या आकाराचे, खाली केळफुलासारखा फुगीर नक्षीभाग असलेले खांब आणि त्यांना जोडणाऱ्या लाकडी महिरपी नीट पाहायच्या असतील तर विश्रामबागवाड्याचा दर्शनी सज्जा पाहा. दुसऱ्या बाजीरावाने १८०७ च्या सुमारास तो बांधला. तिथे अर्धा तास डोळे तयार करून मग गल्लीत या, म्हणजे अर्धवट रंगवलेला, पत्र्याआड दडलेला खांबही ओळखू येतो.

खांब गोल, बारीक आणि ओतीव लोखंडाचा असेल तर तुम्ही इंग्रजी अमलात आला आहात. वर लोखंडी तुळई दिसली तर तिच्या कडेवर टॉर्च मारा. अनेकदा कारखान्याचं नाव ठशात असतं, उदाहरणार्थ विलायतेतली डॉर्मन लाँग. छपराला मंगलोरी कौलं असतील तर ती १८६५ नंतरची, कारण बासेल मिशनचा मंगळूरचा कौलांचा कारखाना त्या वर्षी सुरू झाला. पण यावरून घर १८६५ नंतरचं असं म्हणू नका. छप्पर दर पिढीला बदलतं. कौलावरून छपराचं वय कळतं, भिंतीचं नाही. तेच विटांचं: पेशवाईतली वीट पातळ, दीड-दोन इंचांची, चुन्यात बसवलेली. आजची जाड. एकाच भिंतीत दोन्ही दिसल्या तर दुरुस्तीची रेघ सापडली. शनिवारवाड्याच्या तटाकडे पाहिलंत तर खाली दगड आणि वर वीट असा बदल लांबूनही दिसतो. १७३० मध्ये पाया घातलेल्या त्या वाड्याचं आतलं लाकूडकाम १८२८ च्या आगीत गेलं. आज उरलेत ते तट, दरवाजे आणि चौथरे. म्हणून तिथे वाडा शोधू नका, पाया आणि तट वाचा.

एकाच इमारतीत तीन काळ असणं ही पुण्यातली नेहमीची गोष्ट आहे: पेशवाईतला तळमजला, वर विसाव्या शतकातला मजला, समोर रस्तारुंदीत कापलेला आणि नव्याने उभा केलेला दर्शनी भाग. लक्ष्मी रस्ता, बाजीराव रस्ता, शिवाजी रस्ता यांच्या कडेला तर दर्शनी भागावरून काहीच ठरवू नये. मागच्या बोळात जाऊन पाठ पाहा. पाठीला कुणी नवा साज चढवलेला नसतो.

कारागिरांच्या आळ्या

कसब्यात तांबट आळी, बुरूड आळी, कुंभारवाडा, शिंपी आळी, कागदीपुरा. रविवार पेठेत बोहरी आळी. तांबट आळीत आजही मठारकाम चालतं, तांब्याच्या भांड्यावर हातोडीचे ठोके ऐकू येतात. तिथे घराची रचना वेगळी दिसते. खाली रस्त्यालगत उघडं कामाचं दालन, वर राहणं, चौक लहान किंवा नाहीच. धंद्याला रस्ता हवा, ब्राह्मणी वाड्याला आडोसा हवा, म्हणून दोन्हींच्या भिंती वेगळ्या. कारखान्यात शिरण्याआधी विचारा, आणि भट्टी चालू असताना कारागिराला प्रश्न विचारू नका. ठोका चुकला की भांडं वाया जातं. दुपारच्या चहाची वेळ बोलायला उत्तम.

शिलालेख आणि तारखा

त्रिशुंड गणपतीच्या देवळाचं काम भीमगीरजी गोसावी यांनी १७५४ मध्ये सुरू केलं. काळ्या दगडाची कोरीव दर्शनी भिंत, तिच्यावर साखळदंडाने बांधलेला गेंडा आणि शिपाई, आत संस्कृत आणि फारसी शिलालेख, असं पुण्यात दुसरीकडे दिसत नाही. शिलालेख पाहायला शिकायचं तर इथे.

अक्षरं समोरून उजेड टाकून दिसत नाहीत. टॉर्च भिंतीला जवळजवळ चिकटवून बाजूने मारा, खाचांत सावली पडते आणि अक्षर उठून येतं. एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून, एकदा वरून, असे तीन फोटो काढा, शेजारी पट्टी धरून. खडू, पीठ, तेल, पाणी काहीही लावायचं नाही. खडूने अक्षर गिरवलं की गिरवणाऱ्याने जे वाचलं तेच पुढे सगळ्यांना दिसतं, आणि दगड खराब होतो तो वेगळाच.

तारीख बहुधा शकात असते. चैत्र ते मार्गशीर्ष असेल तर शकात ७८ मिळवा. माघ-फाल्गुन असेल तर ७९. पौष दोन्हीकडे पडतो, तिथी तपासावी लागते. विक्रम संवत असेल तर ५७ वजा (जानेवारीनंतरचे महिने असतील तर ५६). पडताळा संवत्सराच्या नावाने घ्या: शकात १२ मिळवून ६० ने भागा, बाकी उरेल तो साठ संवत्सरांच्या यादीतला, पहिल्या प्रभवापासून मोजलेला क्रमांक. शके १६७६ मध्ये १२ मिळवले की १६८८, बाकी ८, म्हणजे ‘भाव’. लेखातलं नाव आणि हे उत्तर जुळलं नाही तर एखादा आकडा चुकीचा वाचला गेला आहे. ३ आणि ६, १ आणि ९ यांची गल्लत सगळ्यात जास्त होते.

मोडी कागदांत अरबी शब्दांतली वर्षं येतात. ‘खमस खमसैन मया व अलफ’ म्हणजे ५ + ५० + १०० + १००० = ११५५. त्यात ५९९ मिळवले की १७५४. हे वर्ष मृगाला बदलतं, त्यामुळे जानेवारी ते मेमधल्या नोंदीला ६०० मिळवा.

एक सावधगिरी. देवळावरची संगमरवरी पाटी बहुधा जीर्णोद्धाराची असते, तिच्यावरचं साल हे देवळाचं साल नव्हे. आणि लाल महाल म्हणून जी इमारत दिसते ती महापालिकेने बांधलेली, १९८८ मध्ये पूर्ण झालेली आहे. जागेचं महत्त्व अबाधित आहे, पण तिथल्या कमानीवरून शिवकाळातली बांधणी शिकू नका.

माणसांशी बोलताना

पेठेतल्या वाड्यात वही घेऊन शिरलेला अनोळखी माणूस तीनांपैकी एक समजला जातो: बिल्डरचा, महापालिकेचा किंवा मालकाचा. मालक-भाडेकरू वाद पिढ्यान्‌पिढ्या चालू असतात. म्हणून देवडीतच थांबा, नाव सांगा, कशासाठी आलात ते एका वाक्यात सांगा, आणि भाडं, मालकी, दावा, एफएसआय हे शब्द तोंडातून काढू नका. ‘काकू, आत येऊन चौक पाहिला तर चालेल का?’ असं विचारा. नाही म्हटलं तर आभार मानून निघा. संध्याकाळी पाच ते सात बरी वेळ. दुपारी एक ते चार कुणाची बेल वाजवू नका, पुण्यात तर नाहीच.

‘वाड्याचा इतिहास सांगा’ म्हटलं की लोक पाठ केलेली गोष्ट सांगतात. त्याऐवजी रोजचं विचारा. पाणी कुठून भरायचात? आडाचं पाणी कधी बंद झालं? या खोलीत किती जण झोपायचे? वीज आली तेव्हा पहिला दिवा कुठे लागला? सालं कुणाला आठवत नाहीत, प्रसंग आठवतात. म्हणून ‘पानशेतच्या आधी की नंतर?’ हा प्रश्न पुण्यात हुकमी आहे. १२ जुलै १९६१ ला पानशेत धरण फुटलं. त्याच्यासारखेच १९६७ चा कोयनेचा भूकंप आणि १९७२ चा दुष्काळ आधाराला घ्या.

पानशेतचं पाणी कुठवर आलं होतं हे प्रत्येक घरी विचाराच. नदीकाठच्या शनिवार, नारायण आणि कसबा पेठेच्या भागात जुने वाडे विरळ का, आणि साठच्या दशकातल्या इमारती इतक्या का, याचं उत्तर त्या दिवसात आहे. मातीच्या भिंती पाण्यात विरघळल्या. घर गेलेली कुटुंबं गोखलेनगर, सहकारनगर अशा वसाहतींत गेली. या घरांच्या सगळ्यात तपशीलवार आठवणी आज तिथल्या वृद्धांकडे आहेत, पेठेत नव्हे. एक फेरी तिकडे करा.

कागद

घरी आल्यावर त्याच रात्री वही उतरवून काढा, दोन दिवसांनी स्वतःचंच अक्षर लागत नाही. मग कागदांकडे वळा. नगर भूमापन कार्यालयातून सिटी सर्व्हे क्रमांकाची मिळकत पत्रिका मिळते. तिच्यावर क्षेत्रफळ आणि फेरफार असतात, त्यावरून वाडा कधी विभागला गेला ते कळतं. शेजारपाजारची साधारण माहिती १८८५ च्या पुणे जिल्हा गॅझेटियरच्या तिसऱ्या भागात पेठवार आहे, तो इंटरनेटवर मोफत वाचता येतो. वाचताना लक्षात ठेवा की तो इंग्रज अधिकाऱ्यांसाठी लिहिलेला आहे. कुणाची वस्ती ‘मोठी’ आणि कुणाची दुर्लक्षित हे त्या नजरेने ठरलेलं आहे.

पेशवे दफ्तर पुणे पुरालेखागारात आहे. तिथे मोडीशिवाय चालत नाही. सदाशिव पेठेतलं भारत इतिहास संशोधक मंडळ १९१० पासूनचं, तिथलं ग्रंथालय नवख्याला जास्त उपयोगी. छापील साधनं आधी संपवा, मग मोडी शिका.

वहीत प्रत्येक विधानापुढे तीनपैकी एक खूण करा: भिं म्हणजे भिंतीवर पाहिलं, का म्हणजे कागदात मिळालं, ऐ म्हणजे ऐकलं. दोन खुणा जुळल्या तर लिहायला हरकत नाही. नुसती ‘ऐ’ असेल तर ‘असं सांगतात’ म्हणूनच लिहा. बलुतेदारांच्या, दलितांच्या, स्त्रियांच्या इतिहासाला पुष्कळदा ‘ऐ’ एवढीच खूण मिळते, कारण कागद त्यांच्या हातात नव्हते. तो खोटा ठरवून गाळू नका, खूण ठेवून नोंदवा.

नोंद कुठे ठेवायची

गल्ली पूर्ण झाली की तिचा एक पानी नकाशा काढा: घरक्रमांक, खण, मजले, चौक, अंदाजे काळ, धंदा, पाण्याची जागा. त्याच्या तीन प्रती काढा. एक स्वतःकडे, एक जवळच्या ग्रंथालयाला, एक ज्या घरांनी आत घेतलं त्यांच्यापैकी कुणाकडे. राहत्या घरांच्या आतले फोटो आणि लोकांची नावं परवानगीशिवाय कुठेही टाकू नका. वाड्याच्या आतल्या नकाशाचा चोरालाही उपयोग असतो.

दारावर ‘धोकादायक इमारत’ अशी नोटीस दिसली तर तो वाडा यादीत सगळ्यात वर घ्या आणि बाहेरूनच, पण लगेच नोंदवा. तुळईखाली, सज्जाखाली उभं राहू नका. बुधवार पेठेतला भिडेवाडा, जिथे १८४८ मध्ये सावित्रीबाई आणि जोतीराव फुले यांनी मुलींची शाळा सुरू केली, तो स्मारकासाठी डिसेंबर २०२३ मध्ये पाडला गेला. त्याच्यासाठी निदान वर्षानुवर्षं आवाज उठला, कागद झाले, फोटो राहिले. कसब्यातल्या निनावी तीनखणी घराचं तसं होत नाही. ते एका आठवड्यात जातं, म्हणून नोटीस दिसेल त्या दिवशी दर्शनी भागाचे चार फोटो, खणांची संख्या आणि घरक्रमांक एवढं तरी घेऊनच पुढे जा.